गंजातला आवाज

बाळारामकाकांकडे गाडी दाखवायला न्यायची नसे, ऐकवायला न्यायची असे. गाडीवाला आला आणि ब्रेक लागत नाही, चढाला ओढत नाही, असं सांगायला लागला की काका त्याला हातानेच थांबवायचे. "तू नको सांगू, तिला सांगू दे," म्हणायचे. मग इंजिन चालू करायला लावून दोन पावलं मागं सरायचे आणि मान खाली घालून उभे राहायचे. नवख्या माणसाला वाटायचं, हा मेकॅनिक गाडीपुढे प्रार्थना करतोय. मिनिटभराने काका मान वर करून एकच शब्द बोलायचे, "बेअरिंग." किंवा "पट्टा." आणि तेच निघायचं.

चौक हे गाव आणि कर्जत यांच्या मधल्या आमच्या गावात त्यांचं घर आमच्या घराला लागून होतं. मधली भिंत एकच. एसटीच्या डेपोत तीस वर्षं काम करून ते निवृत्त झाले होते. डेपोत एका वेळी दहा-दहा गाड्या चालू असायच्या आणि त्यातली नेमकी कुठली आजारी आहे, हे ते फाटकातून आत येतानाच सांगायचे, असं त्यांचे जुने सहकारी सांगत. काका स्वतः असलं काही सांगायचे नाहीत. ते फार कमी बोलायचे. बोलण्याचं काम त्यांनी काकींकडे सोपवलं होतं आणि काकी ते मनापासून करायच्या. "घरातला नळ सहा महिने बोलतोय," त्या ओट्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "त्याची भाषा ह्यांना येत नाय. त्याला चाकं नाय ना."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बारावीला होते तेव्हा आमच्या एका खोलीत पाच माणसं होती आणि अभ्यासाला जागा नव्हती. कुणी सांगितलं नसताना एका सकाळी काका भंगारातल्या बसची एक फळी घेऊन आले. तिला बिजागऱ्या लावून त्यांनी ती भिंतीला ठोकली. उघडली की टेबल, मिटली की भिंत. मी त्या फळीवर बी.कॉम. झाले. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "फळी करकरते काय गं आजून?" मी नाही म्हटलं. "मंग बरं," म्हणाले. एवढंच अभिनंदन.

टाळेबंदी लागली तेव्हा मी ठाण्याच्या एका ऑफिसात ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचं काम करत होते. ऑफिसने लॅपटॉप देऊन घरी पाठवलं. गावात सगळेच परतले होते. माथेरानच्या हॉटेलांत कामाला असलेली माणसं डोंगर उतरून आली होती, कारखान्यांत जाणारे घरी बसले होते. पहिले आठ-दहा दिवस मजेत गेले. ओट्याओट्यावर कॅरम निघाले. बोरिक पावडर संपली तेव्हा कुणीतरी तांदळाचं पीठ टाकलं, तर दुसऱ्या दिवशी बोर्डाला मुंग्या लागल्या. काकांना खेळायला बसवायला कुणी तयार नसे, कारण एक सोंगटी मारायला ते पाच मिनिटं घ्यायचे.

मग वस्तू बिघडायला लागल्या. सगळी माणसं दिवसभर घरात, त्यामुळे पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी, सगळ्यांवर ताण आला. दुकानं बंद. लोक बिघडलेलं सामान काकांच्या ओट्यावर आणून ठेवायचे आणि लांब जाऊन उभे राहायचे. काकांनी सायकलच्या ट्यूबचे वायसर कापले, जुन्या छत्रीच्या तारेची स्प्रिंग केली. कोणाचा पत्रा गळत होता तिथे डांबर आणि गोणपाट लावलं. त्या दोन महिन्यांत गावातलं एकही घर असं नव्हतं की ज्याला त्यांचा हात लागला नाही. नळ तेवढा गळत राहिला.

पण काका अस्वस्थ होते. आमच्या गावापासून एक्स्प्रेस-वे फार लांब नाही. त्याचा घुमणारा आवाज इतक्या वर्षांत आम्हाला ऐकू येईनासा झाला होता. तो थांबला तेव्हा बाकीच्यांना पक्षी ऐकू यायला लागले. काका मात्र अंगणात येऊन उभे राहायचे आणि डोक्याला हात लावायचे. "कानात दडा बसल्यासारखा वाटतो," म्हणायचे.

गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, मुंबईच्या लोकांनी बांधलेले सात बंगले आहेत. त्यांच्या किल्ल्या काकांकडे, बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात असायच्या. सातपैकी चार बंगल्यांत गाड्या अडकल्या होत्या. गाडी महिनाभर उभी राहिली तर बॅटरी उतरते, टायर एका बाजूने बसतो आणि उंदीर वायरी खातात. म्हणून काका दर रविवारी सकाळी तिकडे जाऊन प्रत्येक गाडी पंधरा मिनिटं चालू ठेवायचे, दोन हात पुढे-मागे करायचे आणि बॉनेटखाली तंबाखूच्या पुड्या टाकून यायचे. पुड्यांवरून काकींचं म्हणणं होतं की उंदरांना व्यसन लागलं तर त्याचं पाप कोणाला. मीही त्यांच्याबरोबर जायचे, कारण मोबाइलला नीट रेंज फक्त तिथेच मिळायची आणि माझे आठवड्याचे राहिलेले मेल मी तिथल्या एका पायरीवर बसून पाठवायचे.

तिथेच मी तो प्रकार पाहिला. काकांकडे साधा बटणांचा फोन होता. गाडी चालू केली की ते मालकाला फोन लावायचे आणि फोन बॉनेटजवळ धरायचे. मालक मुंबईत आपल्या घरात बसून आपल्या गाडीचं इंजिन ऐकायचा. हे कोणी सुरू केलं ते मला माहीत नाही, पण चौघेही ठरल्या वेळी वाट पाहत असायचे. एक गृहस्थ आपल्या कुत्र्याला ऐकवायचे आणि तिकडून भुंकणं ऐकू यायचं. एक जण दर वेळी गाडीला "बेटा" म्हणायचा. शेवटचा बंगला प्रधानांचा. प्रधानसाहेब काही बोलायचे नाहीत. पूर्ण पंधरा मिनिटं ऐकायचे आणि मग "छान, बाळाराम" म्हणून ठेवून द्यायचे.

प्रधानांची गाडी पंधरा वर्षांची, राखाडी. ते नोकरीत असताना मुंबईत रोज चालवायचे. निवृत्तीनंतर इमारतीत गाडी लावायला जागा उरली नाही म्हणून इथे आणून ठेवली होती. तिला एक खोड होती. चालू केली की खालून आधी खण्ण व्हायचं आणि मग पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवावेत तसा खुळखुळ आवाज यायचा. थोड्या वेळाने तो कमी व्हायचा, पण जायचा नाही. सायलेन्सरवरचा पत्रा सैल झाला होता. काकांनी कितीदा तरी साहेबांना विचारलं होतं, दहा मिनिटांचं काम आहे, करून टाकतो. साहेब दर वेळी "पुढच्या खेपेला" म्हणायचे.

मे महिन्यात प्रधानसाहेब गेले. कोरोनानेच. दवाखान्यात नेलं ते नेलं, नंतर प्रधानबाईंना त्यांचं तोंडही पाहता आलं नाही. बंगल्यांवरच्या वॉचमनकडून ही बातमी आम्हाला कळली. त्या रविवारी काकांनी बाकीच्या तीन गाड्या ऐकवल्या, प्रधानांची गाडी चालू केली आणि फोन खिशातच ठेवला. मान खाली घालून ते नुसते उभे राहिले. पाच मिनिटं झाली असतील, खिशातला फोन वाजला. त्यांनी घाबरून स्पीकर चालू केला.

"बाळाराम, आज फोन केला नाहीत?" प्रधानबाईंचा आवाज होता.

बाईंनीच सांगितलं की गाडी बंद करू नका, फोन तिथेच धरा. पंधरा मिनिटांनी म्हणाल्या, "झालं. आता पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी त्या थोडं बोलल्या. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला. साहेब ऑफिसातून येताना गाडी गल्लीत वळली की तो खुळखुळ आवाज वर यायचा आणि त्या चहाचं आधण ठेवायच्या. साहेब जिना चढून वर येईपर्यंत पाण्याला उकळी यायची. आता इमारतीत कोणी येत नाही, जात नाही, रस्त्यावर काही वाजत नाही. रविवारी फोनवर हा आवाज आला की त्या अजून आधण ठेवतात. "दोन कप," म्हणाल्या, आणि मग बराच वेळ फोनवर फक्त गाडी होती.

घरी येताना काका भरभर पुढे चालत होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. बाई एकट्या पडल्या, त्यांच्यासाठी आपण काहीतरी करायला हवं, असं त्यांना वाटत होतं. आणि काकांना करता येण्यासारखी एकच गोष्ट होती. ते बुधवारीच वर गेले. दिवसभर खपून त्यांनी प्रधानांच्या गाडीची सगळी सर्व्हिसिंग केली. प्लग काढून साफ केले, बेल्ट ताणला, बॅटरीची टोकं घासली. गाडीखाली पाठीवर झोपून तारेच्या ब्रशने सायलेन्सरवरचा पत्रा लख्ख केला, रंग मारला आणि दोन क्लिपा लावून घट्ट आवळला. अंगभर काळे होऊन घरी आले, पण चेहरा समाधानी होता. काकींना म्हणाले, "साहेबांच्या मागं गाडीची हेळसांड नको."

रविवारी त्यांनी किल्ली फिरवली. गाडी शिवणयंत्रासारखी चालली. काकांनी अभिमानाने माझ्याकडे पाहिलं आणि फोन बॉनेटवर धरला.

मग बाई म्हणाल्या, "ही कुणाची गाडी लावलीत?"

"तुमचीच हाय बाई. सर्व्हिस केली. तो पत्रा वाजायचा ना, तोपन बसवला."

"नाही, चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "साहेबांना आवडलं असतं." आणि फोन बंद झाला. पंधरा मिनिटांतली दोनसुद्धा झाली नव्हती.

काका गाडीशेजारी तसेच उभे राहिले. मला वाटलं ते आता रडतील, पण ते खाली बसले, मग जमिनीवर झोपून गाडीखाली सरकले. सायलेन्सर तापला होता. मी ओरडले तरी त्यांनी हात घालून एक क्लिप सैल केली आणि बोटं भाजून घेतली.

त्यानंतरचे सहा रविवार मला नीट आठवतात. आठवडाभर काका वर असायचे. आवाज परत आणायचा, दुसरं काही त्यांना सुचत नव्हतं. क्लिपा काढल्या, तर पत्रा नुसता लोंबकळून ठणठण वाजायला लागला. एक क्लिप अर्धी आवळली, तर आवाज आला पण दातओठ खाल्ल्यासारखा. पत्रा आणि नळी यांच्या मधे त्यांनी टाचण्या अडकवल्या, बाटलीची झाकणं अडकवली, काकींच्या फुटक्या बांगड्यांचे तुकडेसुद्धा टाकून पाहिले. दर रविवारी फोन व्हायचा. बाईंना काका काय करताहेत ते समजलं होतं. त्या मन लावून ऐकायच्या आणि हळू आवाजात म्हणायच्या, "जवळ आलंय. पण ते नाही."

एकदा परतताना पाऊस होता म्हणून आम्ही वाटेतल्या गोठ्यात थांबलो. मी त्यांना समजवायला गेले, काका, पत्रा तोच आहे, गाडी तीच आहे, कधीतरी जमेल.

"नाय जमायचं," ते म्हणाले. "पत्र्याच्या बोल्टाच्या भोकाला गंजाने खाल्लं होतं. धा वर्सं थोडं थोडं. त्यात तो आवाज होता. मी ब्रशने गंज काढला."

मग म्हणाले, "आनि मला आठवत पन नाय गं नीट. मी तो बिघाड म्हणून आयकला. ठेवायचा म्हणून कधी आयकलाच नाय."

त्यांच्यासारख्या माणसाने हे बोलावं, याचा मला धक्का बसला. पण त्याहून वाईट दुसरंच होतं. मी इतके रविवार त्या पायरीवर बसले होते, माझ्या हातात चांगला मोबाइल होता. एक बटण दाबलं असतं तर तो आवाज कायमचा राहिला असता. मी ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहीत होते. हे मी काकांना कधी बोलले नाही. त्यांनीही मला कधी विचारलं नाही, पण त्यांच्या मनात ते आलं नसेल असं मला वाटत नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र त्यांनी विचारली, आणि ती पुढेही पुन्हा पुन्हा विचारत राहिले. "बाई आयकतात हे साहेबांना ठाऊक असंल काय गं? म्हणून ते पुढच्या खेपेला म्हणायचे?" मी म्हणायचे, असेल. मग म्हणायचे, कदाचित नसेलही, कंटाळा करत असतील. दोन्ही उत्तरांनी त्यांचं समाधान होत नसे.

सहाव्या रविवारी काकांनी गाडी चालू केली, फोन धरला. बाईंनी नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "हो. हेच. जमलं बाळाराम तुम्हाला."

मी पायरीवरून उठले. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. बाई पुढे बोलत होत्या. आता मन शांत झालं, म्हणाल्या, इतका त्रास घेतलात, आता दर रविवारी फोन नाही केलात तरी चालेल, बॅटरीपुरती गाडी चालू करत जा. काका "व्हय बाई, व्हय बाई" म्हणत होते. फोन बंद झाल्यावर त्यांनी गाडी बंद केली आणि किल्ली हातात धरून उभे राहिले.

"काका, जमलं की," मी म्हटलं.

"नाय जमलं."

"अहो त्या स्वतः म्हणाल्या."

"हा गेल्या रविवारचाच आवाज हाय," काका म्हणाले. "या आठवड्यात मी गाडीला हात नाय लावला. ताप होता मला, कुनाला बोललो नाय. गेल्या रविवारी त्या म्हनल्या, हे नाय. आज म्हनल्या, हेच."

त्यांनी किल्ली डब्यात टाकली.

"माझी कीव आली त्यांना," म्हणाले.

दिवाळीनंतर बाईंचा भाचा आला आणि बंगला विकायचं ठरवून गेला. गाडी पेणकडच्या कुणीतरी घेतली. बाई काही आल्या नाहीत. गाडी न्यायला आलेल्या माणसाने चालू करून पाहिली आणि खालून काय वाजतंय म्हणून विचारलं. काकांनी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं, दहा मिनिटांचं काम आहे म्हणाले, पण स्वतः केलं नाही. "तुमच्याकडचा कुनी करील," म्हणाले.

त्यानंतर काका पुष्कळ बदलले असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे गाड्या यायच्या, ते मान खाली घालून ऐकायचे, एका शब्दात सांगायचे. पण पाना उचलायच्या आधी ते एक प्रश्न विचारायला लागले: "घरात कोन आयकतं काय हा आवाज?" लोकांना कळायचं नाही. कुणी हसायचं, कुणी म्हणायचं, म्हातारपण आलं. गावातल्या एका टेंपोवाल्याने वैतागून सांगितलं, ऐकतात ना, सगळे शेजारी ऐकतात आणि शिव्या देतात, म्हणूनच आणलाय. काका हसले नाहीत. "घरी इचारून ये," म्हणाले. तो खरंच घरी जाऊन आला. काय उत्तर आणलं ते माहीत नाही, पण तो टेंपो अजून तसाच वाजत गावातून जातो.

त्यांना मी शेवटचं पाहिलं त्याला आता दीड वर्ष झालं. मी पहिली गाडी घेतली होती. सेकंडहँड, पण आमच्या घराण्यातली पहिलीच. तीन-चार महिने चालवल्यावर तिच्या पुढच्या चाकात कुठेतरी किणकिण यायला लागली. ठाण्यात दाखवली, त्यांनी बराच मोठा खर्च सांगितला. मी म्हटलं, आधी काकांना ऐकवू. रविवारी गावाला गेले आणि गाडी चालूच ठेवून त्यांना हाक मारली.

ते फार वाळले होते. काकींनी हात धरून पायरी उतरवली. त्यांनी नेहमीसारखं ऐकलं. मग माझ्याऐवजी आमच्या दाराकडे वळून आईला हाक मारली आणि विचारलं, पोरगी आली हे तुला गाडी दिसल्यावर कळतं की आदी?

आई पीठ मळता मळता बाहेर आली होती. "फाट्यावर वळली की कळतं," ती म्हणाली. "किणकिण किणकिण करत येते. मी तवा टाकते."

मला हे माहीत नव्हतं. घरात पाय ठेवला की गरम भाकरी असते, एवढंच मला माहीत होतं.

काकांनी मला सांगितलं की चाकाला धोका नाही, डस्ट कव्हरचा पत्रा घासतोय, बिनघोर चालव. मी म्हटलं, मग नीट करून द्या ना. ते मान हलवून ओट्यावर जाऊन बसले. काकी म्हणाल्या, "तुजा पन नळ झाला गं आता."

संध्याकाळी मी निघाले तेव्हा ओटा रिकामा होता. गाडी गावाबाहेर आली तर काका फाट्याच्या वळणावर उभे होते. एवढं अंतर ते कसे चालत आले कोण जाणे. मी काच खाली केली, थांबू लागले, तर त्यांनी हाताने खूण केली, थांबू नकोस, जा. मी हळू पुढे गेले. आरशात पाहिलं तर ते माझ्याकडे बघत नव्हते. रस्त्याकडे पाठ करून, शेतांकडे तोंड करून, मान खाली घालून उभे होते, अगदी स्थिर, आणि मी वळून महामार्गाला लागेपर्यंत तसेच उभे होते.